पूर ओसरतो तेव्हा मुलांचे काय?

पावसाळा भरात आला म्हणजे सांगलीत माणूस माणसाला भेटला की पहिला प्रश्न विचारतो, "आयर्विनला किती?" १९२९ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या या पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची उंची मोजली जाते. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे येथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. कोयनेतून किती पाणी सोडले आणि ते सांगलीत केव्हा पोहोचेल, याचा हिशेब पानपट्टीवर उभा असलेला माणूसही करून दाखवतो. मग एके दिवशी आकडा उतरू लागतो. "आज दोन फूट कमी" अशी बातमी येते आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. कुलपे उघडतात, चुली पेटतात, आणि मामाच्या गावी पाठविलेली मुले घरी परत आणली जातात.

आज मला जे सांगावयाचे आहे, ते या दिवसापासून पुढच्या काळाविषयी. मोठ्या माणसांचा पूर आयर्विनपाशी उतरतो, त्या सुमारास लहान मुलांचा पूर पुष्कळदा सुरू होत असतो. त्याला पट्टी नाही, त्याचा भोंगा वाजत नाही, आणि त्याची बातमीही होत नाही.

मी वैद्य नव्हे. महाविद्यालयात भूगोल शिकवितो. परंतु राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांबरोबर पूर ओसरलेल्या गल्ल्यांतून फावडे घेऊन फिरलो आहे, आणि या विषयावर जाणत्या डॉक्टर मंडळींनी जे लिहून ठेवले आहे, ते वाचले आहे. त्या दोहोंच्या आधारावर बोलतो.

आपल्या दोन जिल्ह्यांचा अनुभव आधी आठवू या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. पाटण तालुक्यातली दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. २००५ च्या पावसाळ्यात कृष्णेचे पाणी आयर्विनपाशी ५३ फुटांवर गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांवर गेले आणि सांगली शहरात व नदीकाठच्या गावांत आठवडाभर ठाण मांडून बसले. ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची बोट उलटली. बुडालेल्यांत लहान मूलही होते. पुढे जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरी एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या वस्त्यांवर डोंगर खाली आला, आणि इकडे सांगलीत पाणी पुन्हा ५५ फुटांच्या घरात गेले. पाऊस तोच, वर कडा घसरला आणि खाली शहर बुडाले.

या प्रत्येक वेळी गेलेली माणसे मोजली गेली, वाहून गेलेली जनावरे मोजली गेली, पडलेल्या भिंतींचे आणि बुडालेल्या उसाचे पंचनामे झाले. ते व्हावयासच हवेत. परंतु त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत किती मुलांना हगवण लागली, किती जणांची छाती भरली, किती जणांना अंगभर खरूज उठली, याचा पंचनामा कोण करतो? हे आजार आले तसे गेले असे आपण म्हणतो आणि हवेला दोष देतो.

मूल म्हणजे मोठ्या माणसाची लहान आकृती, असे आपण नकळत धरून चालतो. शरीराचा व्यवहार तसा नाही. वजनाच्या मानाने मूल आपल्यापेक्षा अधिक पाणी पिते, अधिक अन्न खाते आणि अधिक हवा आत घेते. वर्षाचे मूल स्वस्थ झोपलेले असताना मिनिटाला तीसच्या आसपास श्वास घेते. आपण पंधराच्या आसपास. म्हणजे एकाच ओलसर खोलीत माय-लेकरू निजले, तर आपल्या इवल्याशा देहाच्या मानाने लेकराच्या वाट्याला ती हवा जास्त येते. त्यातून त्याचे यकृत, त्याची मूत्रपिंडे अजून तयार होत असतात. विष बाहेर टाकण्याची आपली ताकद त्याला नसते. जुलाबाने आपल्या अंगातले लिटरभर पाणी गेले तर आपल्याला थकवा येतो. दहा किलोच्या मुलाच्या अंगातून तेवढे गेले तर त्याच्या जिवावर बेतते.

आणखी एक गोष्ट अगदी साधी आहे. मूल जमिनीजवळ राहते. रांगणाऱ्या बाळाचे नाक भुईपासून वीतभर उंचीवर असते, हात सतत भुईवर असतात आणि तेच हात तोंडात जातात. आपण खोलीच्या दारात उभे राहून "झाली स्वच्छ" असे म्हणतो, ते पाच फुटांवरून म्हणतो. मूल ज्या खोलीत राहते तिची तपासणी उभ्याने होत नाही. उकिडवे बसावे, हात भुईवर टेकावा, भिंतीच्या खालच्या हातभर पट्ट्याला नाक लावावे. मग ती खोली खरोखर कशी आहे ते कळते.

आता एकेक बाब घेऊ. पहिली पाण्याची.

पुराचे पाणी गढूळ असते तोवर कोणी ते पीत नाही. घात होतो तो पाणी निवळल्यावर. विहीर वरून नितळ दिसते, हातपंप चार हापशांत स्वच्छ पाणी देऊ लागतो, नळाला धार येते, आणि आपण भांडे लावतो. परंतु निवळणे वेगळे आणि शुद्ध होणे वेगळे. नळाचेच पाहा. पुरवठा बंद असला म्हणजे नळीतला दाब जातो, आणि जेथे जेथे जोड सैल आहे तेथून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. नळ सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी तेच आपल्या हंड्यात येते. जुन्या वाड्यांतल्या जमिनीखालच्या हौदांची तीच गत. हौद पुरात बुडाला असेल तर तो पूर्ण उपसून, घासून, जंतुनाशकाने धुऊनच त्यात पिण्याचे पाणी घ्यावे.

गावोगाव जिला टीसीएल म्हणतात ती ब्लीचिंग पावडर आपणा सर्वांच्या ओळखीची आहे. हजार लिटर पाण्याला ५ ग्रॅम, हे आपल्याकडचे नेहमीचे प्रमाण. परंतु तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पोते उघडे राहिले तर पावडरीतला क्लोरीन उडून जातो आणि नुसता चुना उरतो. असली पावडर कितीही टाकली तरी तिचा उपयोग नाही. दुसरी, पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळावरच खर्ची पडतो. म्हणून आधी तुरटी फिरवावी, पाणी निवळू द्यावे, जाड फडक्याच्या दुहेरी घडीतून गाळावे, आणि मग औषध घालावे. तिसरी, औषध घातल्यावर निदान अर्धा तास थांबावे. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी जी ओटी चाचणी करतो, तिच्यात पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. ही चाचणी टाकीपाशी करून भागत नाही. गावाच्या शेवटच्या नळावर करावी. शेवटच्या नळाचे पाणी पिवळे झाले, म्हणजे सर्व गावाचे पाणी ठीक. ज्या घरात लहान मूल आहे त्या घरी याउपर पाणी उकळावे. खळखळ उकळी फुटली पाहिजे; पाणी कोमट करून ठेवणे म्हणजे उकळणे नव्हे. आणि ते काढण्यास लांब दांड्याचे ओगराळे वापरावे. सकाळी निगुतीने शुद्ध केलेल्या माठात दुपारी कोणाचा तरी चिखलाचा हात बुडतो, आणि सर्व मेहनत व्यर्थ जाते.

सहा महिन्यांच्या आतील बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही नको, पाण्याचा थेंबही नको. पूर आला, धक्का बसला, म्हणून आईचे दूध आटते अशी समजूत आहे. धक्क्याने पान्हा थोडा उशिरा फुटतो. बाळाला वारंवार छातीशी घेतले म्हणजे तो पुन्हा येतो. अशा वेळी मदतीच्या भावनेने कोणी दुधाची पावडर व बाटल्या वाटू लागतो. हेतू चांगला, परंतु ज्या निवाऱ्यात शुद्ध पाणी नाही आणि बाटली उकळावयास भांडे नाही, तेथे ती बाटली म्हणजे रोगाची शिदोरी ठरते. मदत करावयाचीच असेल तर त्या आईला दोन वेळचे गरम जेवण, प्यावयास चांगले पाणी आणि आडोशाचा एक कोपरा द्यावा.

इतके करूनही मुलाला जुलाब लागले तर काय? येथे १९७१ सालची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालात आले. बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाच्या सलाइनचा साठा संपला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व खाण्याचा सोडा यांची पुडी पाण्यात कालवून रुग्णांना पाजण्यास सुरुवात केली, आणि पाजण्याचे काम बरोबरच्या नातेवाइकांवर सोपविले. जेथे शंभरात पंचवीस-तीस दगावत होते, तेथे ते प्रमाण तीन-चारावर आले. ज्या उपायाला आपण मराठीत जलसंजीवनी म्हणतो त्याची ताकद सर्व जगाला अशी एका छावणीत, चिखलात उभे राहून पटली. आज आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात या पुड्या मिळतात. एक पुडी एक लिटर पाण्यात, पूर्ण पुडी एकाच वेळी. पुडी हाती नसेल तर लिटरभर शुद्ध पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. घोट घोट पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा पाजावे. त्याबरोबर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्याव्यात. जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नयेत. अंगावरचे दूध, पेज, वरणाचे पाणी चालू ठेवावे. डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, पोटाची चिमटीत धरलेली कातडी लवकर बसेना, मूल मलूल पडले, तर मात्र क्षणभरही न थांबता दवाखाना गाठावा.

दुसरी बाब गाळाची.

सांगलीचा पूर संथ असतो. तो भिंती पाडण्यापेक्षा भिजवतो अधिक, आणि जाताना गाळ ठेवून जातो. शेतकरी नदीच्या गाळाला सोने म्हणत आला. पण आजचा गाळ आजोबांच्या वेळचा नव्हे. त्यात गटारे आहेत, संडासाच्या टाक्या आहेत, मेलेली जनावरे आहेत, गॅरेजचे तेल आहे आणि शेतातली औषधे आहेत. शिवाय त्यात उंदराचे व गुरांचे मूत असते, आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप येतो. त्याचे जंतू पायाच्या भेगेतून, खरचटलेल्या जागेतून अंगात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरल्यानंतर या तापाने तेथे बळी घेतले. २०१८ साली केरळात महापुरापाठोपाठ हेच झाले. चिखलात वावरल्यानंतर साधारण आठवडा-पंधरवड्यात जोराचा ताप, डोळ्यांत लाली, पोटऱ्यांत असह्य दुखणे असे झाले, तर डॉक्टरांना 'मूल पुराच्या पाण्यात होते' हे आवर्जून सांगावे. ते एक वाक्य निदानाची वाट सोपी करते.

आणि येथेच मला मुख्य मुद्दा मांडावयाचा आहे. मुले चिखलाला भीत नाहीत, उलट त्यांना तो आवडतो. २०१९ साली एका गल्लीत सात-आठ वर्षांची पोरे जेवणाच्या ताटल्यांनी ओट्यावरचा गाळ उपसताना मी पाहिली. अनवाणी, गुडघाभर राडीत, मोठ्या उत्साहाने. आजूबाजूची माणसे त्यांची वाहवा करीत होती. वाहवा करावी; पण हातातली ताटली काढून घ्यावी. गमबूट वाटले जातात ते मोठ्यांच्या मापाचे, हातमोजे येतात तेही मोठ्यांच्या मापाचे. ज्या कामाचे साहित्य मुलाच्या मापाचे मिळत नाही, ते काम मुलाचे नव्हेच, असे खुशाल समजावे. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी, तरुण मंडळांनी ते करावे. धनुर्वाताची लस घेऊन, पायात बूट घालून करावे.

साफसफाईलाही क्रम आहे. गाळ ओला आहे तोवर उपसावा. वाळला की त्याची धूळ होते आणि ती महिनाभर नाकातोंडात जाते. मग साबणाच्या पाण्याने धुवावे. त्यानंतर ब्लीचिंगचे पाणी मारावे. चिखलावर पावडर भुरभुरली तर रस्ता पांढरा दिसतो, यापलीकडे फारसा लाभ नाही. ब्लीचिंग पावडर आणि फरशी-संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो. शेवटी वारा आणि ऊन. या शेवटच्या पायरीला आपण सर्वांत कमी वेळ देतो.

तिसरी बाब घराची. आठवडाभर पाण्यात उभी राहिलेली भिंत पाणी पिते, आणि ती कोरडी होण्यास आठवडे, कधी महिने लागतात. तिच्यावर हिरवी-काळी बुरशी धरते. त्यावर रंगाचा हात मारून गणपतीपूर्वी घर साजरे करण्याची घाई आपल्याला होते. पण रंगाखाली बुरशी वाढतच राहते. ज्या मुलाला बाळदम्याची प्रवृत्ती आहे त्याचा खोकला मग दिवाळीपर्यंत जात नाही. कापसाच्या गाद्या, उशा, कापडी बाहुल्या पुरात भिजल्या असतील तर टाकून द्याव्यात. जिवावर येते, मला ठाऊक आहे. परंतु उन्हात वाळलेली गादी आतून वाळलेली नसते. प्लास्टिकची, स्टीलची खेळणी साबणाने धुऊन वापरता येतात. मुलाला भुईवर न निजविता खाटेवर, भिंतीपासून हातभर दूर निजवावे. भिजून कुबट झालेले शेंगदाणे, पीठ, गहू कितीही वाळविले तरी मुलाच्या ताटात येऊ देऊ नयेत. त्या बुरशीचे विष भाजून वा शिजवूनही पुरते जात नाही.

आणि आपला हा द्राक्षांचा आणि उसाचा मुलूख. तासगावकडे द्राक्षे, वाळव्याकडे ऊस. घरोघरी फवारणीची औषधे असतात, आणि ती पुष्कळदा गोठ्याच्या फळीवर किंवा माळ्यावर असतात. पुरात डबे तरंगतात, फुटतात, त्यांची चिठ्ठी निघून जाते. मग कोणाच्या तरी परसात एक चांगला पांढरा कॅन येऊन थांबतो, आणि तो धुऊन पाण्याला लावला जातो. औषधाचा कॅन धुतल्याने निर्विष होत नाही. औषधांच्या डब्यांवर लाल, पिवळा, निळा, हिरवा असा रंगीत चौकोन असतो. लाल सर्वांत जहाल आणि हिरवा त्या मानाने सौम्य, ही खूण मुलांनाही शिकवावी. ओळख न पटणारा प्रत्येक डबा विषाचाच, असे मानून मुलांच्या हाताबाहेर ठेवावा. तीच गोष्ट गल्लीच्या तोंडाशी साचलेल्या ढिगाऱ्यांची. गाद्या, प्लास्टिक, फुटलेले सिमेंटचे पत्रे. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, ते फुफ्फुसाला घातक. हे ढीग म्हणजे मुलांचे क्रीडांगण होऊ नये, आणि ते पेटवूनही देऊ नयेत. त्या धुराने सगळी गल्ली खोकते. ढिगातली टायरे, करवंट्या, फुटके माठ यांत पावसाचे स्वच्छ पाणी साठते आणि डेंग्यूचा डास तेथेच वाढतो. सापांविषयी बत्तीस शिराळ्याच्या मुलखात मी काय सांगावे! इतकेच म्हणतो, की पुरात सापही घर शोधत असतो. चावलाच तर आवळून बांधणे, कापणे, मांत्रिक गाठणे नको. १०८ क्रमांक फिरवावा आणि थेट रुग्णालय गाठावे.

आतापर्यंत सांगितले ते बहुतेक सखल भागाचे. कृष्णा-कोयनेच्या वरच्या अंगाला, पाटण, जावळी, महाबळेश्वर भागात, आपत्तीचे रूप वेगळे. तेथे पाणी साठत नाही. तेथे जमीनच सरकते. अनेक वाड्या डोंगरातल्या झऱ्याचे पाणी नळीने आणून पितात. दरड आली की झऱ्याची वाट बदलते, नळी तुटते, आणि वाडी खालच्या ओढ्यावर येते, ज्यात वरची सर्व माती आणि मेलेली जनावरे मिसळलेली असतात. घर पडले नाही तरी गाव सोडावे लागते, आणि दाटीवाटीचा निवारा नशिबी येतो. एका खोलीत चार-पाच कुटुंबे म्हटल्यावर गोवर, खोकला, खरूज यांना रान मोकळे. म्हणून निवाऱ्यात मुलांच्या गोवराच्या लसीची विचारपूस पहिल्या आठवड्यातच व्हावयास हवी.

डोंगरात थंडी असते. १९६७ चा भूकंप तर डिसेंबरात झाला. उघड्यावर आलेले कुटुंब ऊब शोधणार, शेगडी पेटविणार, आणि वारा लागू नये म्हणून ताडपत्री चहूबाजूंनी बांधून घेणार. बंद जागेतल्या कोळशाच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसे झोपेतच जातात. जिन्याखाली किंवा बंद खोलीत चालविलेल्या जनरेटरचेही तसेच. शेगडी बाहेर, मूल आत, असा नियम असावा. आणि मुलाला खोकला असेल तर घड्याळ लावून, ते शांत असताना, पूर्ण एक मिनिट छातीचे श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळात ६० किंवा अधिक, त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक भरले, तर ती न्यूमोनियाची खूण समजून लगेच दवाखान्यात न्यावे. बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल तर आकडा न मोजताच न्यावे. यासाठी यंत्र नको. आजीच्या डोळ्यांना आणि भिंतीवरच्या घड्याळाला ते काम जमते.

श्रोतेहो, हे सर्व ऐकून एखादी आई म्हणेल, "घर धुवायचं, पंचनाम्याला थांबायचं, रांगेत उभं राहायचं, त्यात पोराला ठेवू कुठं?" प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर एकट्या आईने द्यावयाचे नाही, गावाने द्यावयाचे आहे. माझे सांगणे दोन शब्दांत असे आहे : मूल घरी सर्वांत शेवटी, आणि शाळेत सर्वांत आधी.

आज पुष्कळदा याच्या उलट होते. आपत्ती आली की निवाऱ्यासाठी शाळाच उघडली जाते. दुसरे सोयीचे आवार नसते, हेही खरे. मग निवारा हलतो. पण शाळेच्या खोल्या, संडास, टाकी तशीच राहतात, आणि एके दिवशी घंटा वाजवून मुलांनाच झाडू दिला जातो. हा क्रम आपण बदलू शकतो. निवारा शक्यतो मंगल कार्यालयांत, समाजमंदिरांत करावा. शाळेत करावाच लागला तर ती सर्वांत आधी मोकळी करावी आणि गावातले पहिले फावडे शाळेच्या व अंगणवाडीच्या दारात पडावे. टाकी धुवावी, ओटी चाचणी करावी, विजेचे बोर्ड तपासून घ्यावेत, भिजलेले धान्य खिचडीत जाणार नाही हे पाहावे, संडासाला पाणी व साबण असावा. एवढे झाले की पुस्तके नसली, गणवेश नसला, तरी शाळा सुरू करावी. घरी गाळ उपसला जात आहे तोवर मूल कोरड्या जागेत, गुरुजी-बाईंच्या नजरेखाली, गरम खिचडी खात बसले, तर त्याहून मोठे औषध दुसरे नाही.

हे औषध मनाचेही आहे. ज्या मुलाने रात्री पाणी चढताना पाहिले, ते पुढे साध्या सरीलाही दचकते, अंथरूण ओले करते, आईचा पदर सोडीत नाही. त्याला रागावून किंवा भित्रट म्हणून काही साधत नाही. ठरलेल्या वेळी घंटा, ठरलेल्या वेळी जेवण, शेजारी ओळखीचा मित्र, खेळाचा एक तास; या रोजच्या गोष्टींनी त्याला जग पुन्हा जागेवर आल्याची खात्री पटते.

हे पुराच्या दिवशी सुचत नाही. त्याची तयारी मे महिन्यात, ग्रामसभेत किंवा वॉर्डातल्या बैठकीत व्हावी. पाच वर्षांखालील मुले व गरोदर स्त्रिया यांची यादी अंगणवाडीच्या ताईंजवळ असतेच. तिची एक प्रत उंच जागी ठेवावी. टीसीएलचे पोते ताजे व तोंड बांधलेले असावे. जलसंजीवनीच्या व झिंकच्या पुड्या आशाताईंच्या हाती आधीच पोहोचाव्यात. शेतीची औषधे पावसाळ्यापूर्वी उंचावर, कुलपात हलवावीत. आणि शाळा व अंगणवाडी कोणते मंडळ धुणार, त्याचे नाव त्याच बैठकीत लिहून घ्यावे. यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही.

नदी आपली आहे. आपण तिला कृष्णामाई म्हणतो, आणि तिच्या काठावरून उठून जाणे सर्वांना शक्य नाही. पाऊस येत राहणार, आयर्विनचा आकडा चढत-उतरत राहणार. पुढच्या वेळी तो आकडा खाली आला, की कुलूप उघडण्यापूर्वी क्षणभर थांबावे. आपल्या घरातल्या सर्वांत लहान माणसाच्या उंचीवर बसून ते घर एकदा पाहावे, आणि मगच त्याला आत बोलवावे.